बारवेची पायरी आणि नारूचा माग

१/
गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील बारवांवर पुष्कळ लिहिले गेले. छायाचित्रे निघाली, गाळ उपसला गेला, महाशिवरात्रीला दीपोत्सवही होऊ लागले. त्यासोबत एक प्रश्न नेहमी विचारला जातो : इतक्या देखण्या बारवा आपल्या आधीच्या पिढ्यांनी बुजू कशा दिल्या? उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : अनास्था. अनास्था होतीच. परंतु आणखी एक कारण होते आणि ते प्रयोगशाळेतून आले होते. आजचा थ्रेड त्या कारणाविषयी.

२/
आधी भूगोल. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात आमचे बोरी. याच तालुक्यातील चारठाणे तेथील मंदिरे, दीपमाळ आणि बारव यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. शेजारच्या सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. बेसाल्टच्या कठीण खडकात पाणी खोल जाते. उन्हाळ्यात त्या खालावलेल्या पाण्यापर्यंत माणसाला पोहोचता यावे म्हणून पायऱ्या आल्या. पायरी हा बारवेचा प्राण आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा वाद या पायरीभोवतीच फिरतो.

३/
आता रोग. मराठवाड्यातील वृद्धांना ‘नारू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आपल्या पिढीला मात्र लागतो. नारू हा दोऱ्यासारखा बारीक कृमी. मादी साठ सेंटिमीटरपासून जवळजवळ एक मीटरपर्यंत लांब होते. ती माणसाच्या कातडीखाली वाढते आणि बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावते. त्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होते. उपाय एकच : बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे ओढत राहायचे. कृमी तुटला तर आत सूज व पू. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

४/
हा रोग प्राचीन आहे. इजिप्तमधील एका किशोरवयीन मुलीच्या ममीत नारूचे दगडासारखे झालेले अवशेष सापडले आहेत. अरबी वैद्यकात त्याला ‘मदिनेची शीर’ म्हणत. फारसी भाषकांत तो ‘रिश्ता’, म्हणजे दोरा. आपल्याकडील मध्ययुगीन आयुर्वेद ग्रंथांत ‘स्नायुक’ हे नाव येते. मराठीतला नारू मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातील कोशातही आहे. शीर, दोरा, स्नायू : नावांतूनच दिसते की ही वस्तू नेमकी काय, याबद्दल जग साशंक होते. काही युरोपीय वैद्य तर हा सजीव कृमी आहे हेच मान्य करायला तयार नव्हते.

५/
नारूचे एक पंचांग होते. दख्खनमध्ये तो मुख्यतः उन्हाळ्यात निघे. म्हणजे मशागतीचे आणि पेरणीच्या तयारीचे दिवस. ज्या महिन्यांत शेतकऱ्याला आणि मजुराला पायांवर उभे राहणे सर्वांत आवश्यक, त्याच महिन्यांत पाय जायबंदी. नारूने माणूस सहसा मरत नसे, त्यामुळे मृत्यूच्या सरकारी तक्त्यांत तो फारसा दिसत नाही. बुडालेला हंगाम आणि त्यापायी झालेले कर्ज यांचे रकाने त्या तक्त्यांत नव्हते.

६/
संशोधकांपुढील कोडे मात्र विलक्षण होते. पटकी झाली तर दूषित पाणी प्यायल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत माणूस आजारी पडतो. नारू निघतो तो पाणी प्यायल्यानंतर साधारण एका वर्षाने. तोवर ती विहीर आटून पुन्हा भरलेली असते, माणूस दुसऱ्या गावी गेलेला असतो, कधी कुठे पाणी प्यायलो ते विसरलेला असतो. वर्षापूर्वीच्या एका घोटाचा माग कसा काढायचा? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. परिणाम समोर आहे, कारणाचा काळ निघून गेला आहे.

७/
या शोधकथेतील एक महत्त्वाचे पान मुंबईचे आहे. १८५०च्या दशकात हेन्री जॉन कार्टर हा लष्करी शल्यवैद्य मुंबईत होता. सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यांतील पाणी तपासण्याचा त्याला नाद होता. मुंबईतील एका शाळेची नोंद त्याने केली : पन्नास मुलांपैकी एकवीस जणांना वर्षभरात नारू झाला. ही मुले ज्या तळ्यात स्नान करत, त्याचा गाळ सूक्ष्म कृमींनी भरलेला होता. इतरत्र स्नान करणाऱ्या अन्य शाळांतील मुलांत हे प्रमाण नगण्य होते.

८/
याच दशकात, १८५४ साली, लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतीचे पटकीचे मृत्यू नकाशावर मांडले होते. स्नो यांचे नाव आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. कार्टरची पद्धत त्याच जातीची होती : रोगी मोजा, निरोगी मोजा, दोघांचे पाणी वेगळे आहे का ते पाहा. जलप्रदूषणाचा माग काढण्याचे मूळ व्याकरण हेच. आजचे संशोधक जनुकीय चाचण्या करोत की उपग्रहाची छायाचित्रे वापरोत, पहिली पायरी अजून ही तुलनाच असते.

९/
कार्टरने स्थळ बरोबर ओळखले, गुन्हेगार मात्र चुकीचा पकडला. गाळातील ते सूक्ष्म कृमी स्वतंत्र जगणारे, निरुपद्रवी होते. ते स्नानाच्या वेळी कातडीतून शरीरात शिरतात आणि वाढून नारू होतात, असा त्याचा तर्क होता. तर्क सोपा होता : नारू पायातून निघतो, तर तो पायातूनच शिरत असणार. बाहेर पडण्याची वाट हीच आत येण्याची वाट, असे मानण्याचा मोह फार मोठा असतो. पुढची काही दशके अनेकांनी याच दिशेने शोध घेतला.

१०/
वाट बदलली ती मध्य आशियात. अलेक्सेई फेदचेंको हा रशियन निसर्गशास्त्रज्ञ १८७०च्या सुमारास तुर्कस्तानात काम करत होता. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस. समरकंदच्या परिसरात ‘रिश्ता’ सर्रास होता. नारूच्या मादीतून पाण्यात सुटलेल्या अळ्या पुढे कुठे जातात, हे त्याने पाहिले. त्या ‘सायक्लॉप्स’ नावाच्या सूक्ष्म जलचराच्या शरीरात शिरतात आणि तेथे त्यांची वाढ होते, असे त्याला आढळले. तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, आल्प्स पर्वतात हा तरुण मरण पावला. त्याचा शोध मात्र टिकला.

११/
सायक्लॉप्स म्हणजे झिंग्याच्या दूरच्या नात्यातला, एक-दोन मिलिमीटरचा प्राणी. ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून हे नाव पडले, कारण याला एकच डोळा असतो. संथ, उघड्या पाण्यात तो राहतो. पेल्यातले पाणी उजेडासमोर धरले तर झटके देत हलणारा पांढुरका ठिपका तीक्ष्ण नजरेला दिसू शकतो. त्याने पाणी गढूळ होत नाही, चव बिघडत नाही, वास येत नाही. थंड, नितळ, गोड पाण्यातही तो असू शकतो. ‘शुद्ध’ दिसणारे पाणी धोक्याचे असू शकते, ही गोष्ट पचनी पडायला समाजाला फार वेळ लागला.

१२/
पुढची कडी रॉबर्ट लायपर यांची. १९०५ मध्ये ते आफ्रिकेच्या गोल्ड कोस्ट प्रदेशात, म्हणजे आजच्या घानात, गेले. माणसाच्या जठरात असते तसे सौम्य आम्ल त्यांनी बाधित सायक्लॉप्सवर वापरून पाहिले. सायक्लॉप्स मेला, आतील अळ्या मात्र जिवंत राहून बाहेर आल्या. म्हणजे जठर हा या अळीसाठी अडसर नव्हता, उलट तुरुंगाचे दार उघडणारी किल्ली होती. बाधित सायक्लॉप्स खाऊ घातलेल्या माकडाच्या शरीरात पुढे नारू सापडले.

१३/
माकडात झाले, पण माणसात? हे उत्तर मुंबईतून आले. परळच्या जुन्या राजभवनात हाफकिन यांनी उभारलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९०६ पासून ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली होती. आजची हाफकिन संस्था ती हीच. तेथील डॉ. डी. ए. तर्खड यांनी १९१३च्या सुमारास मनुष्यांना बाधित सायक्लॉप्सयुक्त पाणी पाजून प्रयोग केला आणि वर्षभर वाट पाहिली. वर्ष उलटल्यावर नारू प्रकट झाला. साखळी पूर्ण झाली.

१४/
या प्रयोगाकडे आज आपण अस्वस्थ होऊनच पाहू. माणसाला जाणूनबुजून रोग देणारा असा प्रयोग आजच्या कोणत्याही नैतिकता समितीपुढे सहज संमत होणार नाही. तरीही वर्षभरापूर्वीच्या घोटाचे कोडे सुटले ते या प्रतीक्षेमुळे. तर्खड हे नाव आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ हरवले आहे. प्लेगच्या लशीमुळे हाफकिन सर्वांना माहीत आहेत. नारूचा माग शेवटपर्यंत नेणारा एतद्देशीय संशोधक कोणाला आठवत नाही.

१५/
आता पूर्ण साखळी पाहू. नारूचा फोड आलेला माणूस पाण्यात पाय टेकवतो. गार स्पर्शाने आग शमते. त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. काही दिवसांत सायक्लॉप्स त्या गिळतो. त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे अळी वाढते. मग कोणी तरी तिथे घागर भरतो आणि ते पाणी पितो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पायावर फोड येतो आणि तो त्याच पाण्याकडे परततो. या साखळीत पाय पाण्याला लागणे अनिवार्य आहे. पाय पाण्यापर्यंत नेते ती पायरी.

१६/
येथे बारव आणि आड यांतील फरक निर्णायक ठरतो. आडाला पायऱ्या नसतात. पाणी पोहऱ्याने, रहाटाने वर येते आणि माणूस काठावरच राहतो. बारवेत माणूस स्वतः खाली उतरतो, घोटाभर पाण्यात उभा राहतो, घागर बुडवतो. उन्हाळ्यात पाणी तळाशी जाते. मग पाण्यात अळ्या दाट, सायक्लॉप्सही दाट आणि पाणी नेणाऱ्यांची गर्दी सर्वाधिक. स्थापत्याच्या दृष्टीने बारवेचे जे वैभव, तेच नारूच्या दृष्टीने उघडे दार. बांधणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी दुष्काळाशी लढण्यासाठी पायरी घडवली होती.

१७/
याच ठिकाणी सामाजिक इतिहास या कथेत येतो. पाण्याला कोणाचा पाय लागावा, कोणाचा हात लागावा, यावर आपल्या समाजाचा पहारा शतकानुशतके अत्यंत कडक होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘बाटले’ म्हणून १०८ घागरी पंचगव्याने त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. म्हणजे शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात ओतले.

१८/
तारखा शेजारी ठेवून पाहा. १८५४ : पाण्यातून पटकी पसरते हे स्नो दाखवतात. १९१३ : पाण्यातून नारू येतो हे मुंबईत सिद्ध होते. १९२७ : त्याच मुंबई इलाख्यातील एका तळ्यात ‘शुद्धी’साठी शेण ओतले जाते. विटाळ आणि दूषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विटाळ माणसाची जात पाहतो. दूषण जात पाहत नाही. नारूच्या अळीला पाय सवर्णाचा की अस्पृश्याचा, हे कळत नव्हते. ज्या पहाऱ्याने पाणी ‘शुद्ध’ ठेवल्याचा दावा होता, त्या पहाऱ्याला खऱ्या दूषणाचा पत्ताच नव्हता.

१९/
सगळीच परंपरा मात्र अडाणी होती, असेही नाही. पाणी वस्त्राने गाळून प्यावे हा दंडक, विशेषतः जैन परंपरेत, फार जुना आहे. त्यामागील हेतू सूक्ष्म जीवांची हिंसा टाळण्याचा होता. पण घट्ट विणीच्या वस्त्रातून सायक्लॉप्स सहसा सुटत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस नारूविरुद्ध वाटल्या गेलेल्या बारीक जाळीच्या गाळण्यांचे तत्त्व हेच. फरक इतका की जाळीची भोके किती मायक्रॉनची असावीत, हे आता मोजून ठरवले गेले. विरळ विणीचे जुनेर यासाठी निरुपयोगी ठरते.

२०/
१९३०च्या दशकात दख्खनमध्ये अधिक काटेकोर क्षेत्रसंशोधन झाले. म्हैसूर संस्थानातील चितलदुर्ग जिल्ह्यात व्ही. एन. मूर्ती आणि त्यांचे सहकारी पायऱ्यांच्या विहिरींत विशिष्ट जातीचे छोटे मासे सोडून पाहत होते. मासे सायक्लॉप्सचा फडशा पाडत. क्नूट लिंडबर्ग या संशोधकाने दख्खनच्या एका खेड्यातील नारूची पाहणी १९३६ मध्ये प्रसिद्ध केली, तीही फ्रेंच भाषेत. आपल्या खेड्यांच्या आरोग्याचा इतिहास कोणकोणत्या भाषांत विखुरला आहे, याचा हा नमुना.

२१/
जगात जाणीवपूर्वक नारू हद्दपार करणारे पहिले मोठे उदाहरण बुखारा शहराचे. तेथे ‘हौज’ नावाची दगडी पायऱ्यांची तळी होती. पाणी भरणारे त्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरत. १९२३ ते १९३१ या काळात लिओनिद इसायेव यांच्या नेतृत्वाखाली हे हौज उपसले गेले, बुजवले गेले, नळाचे पाणी आले आणि रिश्ता संपला. सतराव्या शतकातील ल्याबी-हौजसारखे मोजकेच हौज आज उरले आहेत. वारसा गमावला आणि पाय वाचले. बारवांचा प्रश्न आपल्या आधी बुखाऱ्याने अनुभवला होता.

२२/
आपल्याकडे परळच्या प्रयोगानंतर राष्ट्रीय मोहिमेपर्यंत सत्तर वर्षे गेली. का? परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राजवटी बदलल्या, तरी नारू प्राधान्यक्रमात वर सरकला नाही. तो शहरात नव्हता, श्रीमंताच्या घरात सहसा नव्हता आणि त्याने माणसे मरत नव्हती. प्रयोगशाळेने कारण शोधल्याने रोग जात नाही. त्या ज्ञानासाठी खर्च करायला कोणी तरी तयार व्हावे लागते.

२३/
बदलाचा एक धागा आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतून येतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जालना येथे मिशनच्या कूपनलिका प्रकल्पात आणि सोलापुरात खोल कूपनलिकांसाठी मजबूत हातपंप तयार होऊ लागले. ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ ही त्यांची नावे. १९७२च्या दुष्काळाने अशा पंपांची गरज अधोरेखित केली. सोलापूर पंपाच्या अनुभवातून, युनिसेफच्या सहकार्याने, याच दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडला आणि तो जगभर गेला. बंदिस्त कूपनलिकेत कोणाचा पाय जात नाही, म्हणून नारूलाही वाट नाही.

२४/
१९८३-८४ मध्ये भारताचा राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. सूत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे होती. १९८४ मध्ये सात राज्यांतील १२ हजारांहून अधिक गावांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र त्या सातांपैकी एक. या रोगाला लस नाही, मारक औषध नाही, एकदा होऊन गेल्यावर प्रतिकारशक्तीही येत नाही. म्हणून सारे शास्त्र एका कामावर केंद्रित झाले : प्रत्येक रुग्णापासून त्याच्या पाण्यापर्यंत माग काढणे.

२५/
हा माग काढला गेला पायी. आरोग्य कर्मचारी वर्षातून अनेकदा घरोघर जात, नारूचे चित्र दाखवत, कोणाच्या पायावर फोड आहे का ते विचारत. रुग्ण सापडला की प्रश्न पाण्याकडे वळे : कुठले पाणी पितो, कुठे पाय धुतो? मग त्या विहिरीवर उपाय. सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे औषध ठरावीक मात्रेत टाकणे, गाळणी वाटणे, हातपंप बसवणे. आणि चौथा उपाय, जो बारवप्रेमींनी नीट वाचावा : पायऱ्यांच्या विहिरीचे रूपांतर कठड्याच्या विहिरीत करणे.

२६/
म्हणजे पायऱ्या बंद करणे, काठावर भिंत उचलणे, वर रहाट बसवणे. पायऱ्यांची वाट अडवणारी एखादी ओबडधोबड भिंत आज आपल्याला वारशाची विटंबना वाटते. ती कधी आणि कशासाठी उभी राहिली, हे तपासल्याविना निष्कर्ष काढू नये. काही ठिकाणी ती खरोखरच बेपर्वाई असेल. काही ठिकाणी ती त्या गावाच्या आरोग्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे बांधकाम असू शकते. दगड दोन्हीकडे सारखेच दिसतात.

२७/
भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. पुढील तीन वर्षे एकही रुग्ण सापडला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. देवी रोगानंतर आपण उखडून टाकलेला हा दुसरा मोठा रोग, तोही कोणतीही लस न वापरता. या विजयाचे स्मारक कुठे नाही. आपल्या पिढीने ‘नारू’ हा शब्द विसरणे हेच त्याचे स्मारक, असे फार तर म्हणता येईल.

२८/
परंतु कथा इथे संपत नाही. पिण्याचे पाणी हातपंपाकडे आणि नळाकडे गेले, तशी बारव निरुपयोगी ठरली. ज्या पाण्याला कोणी पीत नाही, त्याला कोणी जपतही नाही. अनेक बारवांत कचरा, निर्माल्य, सांडपाणी गेले. बारव ही भूजलाला थेट भिडलेली असते. तिच्यात टाकलेली घाण खडकाच्या भेगांतून आसपासच्या विहिरींत आणि कूपनलिकांत पोहोचू शकते. पूर्वी माणसाच्या पायातून बारव दूषित होई. आता बारवेतून गावाचे भूजल दूषित होण्याची वेळ आली.

२९/
शिवाय कूपनलिकेच्या पाण्याची स्वतःची अदृश्य दुखणी आहेत. खते, शेणखड्डे आणि सांडपाणी यांतून झिरपणारे नायट्रेट. काही भागांत खडकातून विरघळणारे फ्लोराइड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम, कमाल दीड. यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. सायक्लॉप्स निदान तीक्ष्ण नजरेला दिसत तरी होता.

३०/
म्हणून माग काढण्याची साधने गावापर्यंत येणे महत्त्वाचे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून ठेवायचे. मैल्याशी संबंधित जिवाणू असतील तर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन पाणी काळे पडते. प्रयोगशाळा नको, वीज नको. भारतीय संशोधकांची ही बाटली पुढे अनेक देशांत वापरली गेली. पाण्याचे दूषण प्रथमच सामान्य माणसाला रंगात वाचता आले.

३१/
आज आपल्या ग्रामपंचायतींत जलसुरक्षक असतो, क्लोरिन तपासणारी ओटी चाचणी असते, पाणीस्रोतांच्या सर्वेक्षणानंतर लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना तपासणी संच वापरायचे प्रशिक्षण दिले जाते. या कागदांकडे आपण रटाळ सरकारी सोपस्कार म्हणून पाहतो. कार्टरने मुंबईतील मुले मोजली, तर्खडांनी वर्षभर वाट पाहिली, आरोग्यसेवकांनी हजारो पाय तपासले. त्या रांगेतील ताजी कडी म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचे ते कार्ड.

३२/
मग बारवांचे पुनरुज्जीवन करू नये का? अवश्य करावे. भारतात आता नारू नाही, त्यामुळे पायरीवर पाऊल ठेवल्याने तो येणार नाही. ज्या कारणासाठी पायऱ्या बंद झाल्या, ते कारण संपले आहे. पण गाळ काढणे आणि दिवे लावणे यांसोबत तिसरे कामही करावे : पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्यावा. पाणी नितळ दिसते म्हणून ते पिण्याजोगे जाहीर करू नये. नितळपणावर विसंबण्याची किंमत दख्खनने शतकानुशतके पायांनी मोजली आहे.

३३/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक तातडीचे काम आहे. नारू भोगलेली किंवा घरात पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. बारवेचा शिलालेख आणखी शंभर वर्षे टिकेल, या आठवणी टिकणार नाहीत. बारवेची मोजमापे घेताना गावातील वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न अवश्य विचारा : इथले पाणी पिणे कधी थांबले? आणि ही भिंत कोणी, कधी घातली? उत्तर मिळाले की तारखेसह, सांगणाऱ्याच्या संमतीने, लिहून ठेवा.

३४/
बारवेचा इतिहास आपण बहुधा शिल्पांतून आणि राजवंशांतून लिहितो. देवकोष्ठांतील मूर्ती कोणत्या, बांधणी यादवकालीन की नंतरची, असे प्रश्न पडतात आणि ते पडायलाच हवेत. पण पायरीच्या दगडाला पडलेली झीज राजांच्या पावलांची नाही. रोज घागर घेऊन उतरणाऱ्यांची आहे. त्यांतले कित्येक जण उन्हाळ्यात पायाला काडी बांधून बसले होते. त्यांना त्या दुखण्यातून सोडवणारे शास्त्रही आता या बारवांच्या इतिहासाचा भाग आहे.

३५/
तुमच्या गावात नारूला काय म्हणत, कोणती बारव कधी बंद झाली, हातपंप केव्हा आला, हे खाली अवश्य लिहा. गावाचे आणि तालुक्याचे नाव द्या, म्हणजे पुढे नकाशा करता येईल. थ्रेड येथे पूर्ण.

#बारव #नारू #मराठवाडा #पाण्याचाइतिहास